हृद्रोगाच्या रक्तपरीक्षेचा एक कागद : मूळ नोंद कोणती व गणित कोणतें

गेल्या मार्गशीर्षांत प्रस्तुत लेखकाच्या हातीं त्याच्याच नांवाचा एक कागद आला. कागद सुटा, छापील, मजकूर एकाच बाजूस. माथ्यावर प्रयोगशाळेचें चिन्ह, तळाशीं परीक्षकाची सही, रक्त घेतल्याची तारीख व वेळ स्पष्ट दिलेली. आपल्या दप्तरांतील कागदांत इतक्या गोष्टी एके ठिकाणीं क्वचित् मिळतात. मजकूर चार ओळींचा : एकूण कोलेस्टेरॉल १९२, एच्. डी. एल्. कोलेस्टेरॉल ३६, ट्रायग्लिसराइड ४५५, एल्. डी. एल्. कोलेस्टेरॉल ६५. मान सर्वत्र एकच, शंभर मिलिलिटर रक्तरसांत इतके मिलिग्राम.

यांपैकीं शेवटचा आंकडा पाहून मनास समाधान वाटलें. हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमन्यांना मुख्य भय ज्याच्यापासून तें हेंच कोलेस्टेरॉल, व तें शंभराच्या आंत असलें म्हणजे काळजी नको, इतकें ज्ञान सकाळीं फिरावयास येणाऱ्या समवयस्क मंडळींकडून मिळालेलें होतें. त्या समाधानांतच कागद डॉक्टरांपुढें ठेवला. हे डॉक्टर माझे जुने विद्यार्थी. त्यांनीं ६५ या आंकड्याभोंवतीं पेन्सिलीनें वर्तुळ काढलें व म्हणाले, “गुरुजी, हा आंकडा कोणीं मोजलेला नाहीं.”

जंत्रीवरून काढलेली तारीख मूळ पत्रांतच आहे असें समजून जो वाद घालतो त्याला आपण हंसतों. मी नेमकें तेंच केलें होतें, आणि तेंहि स्वतःच्या हृदयाच्या बाबतींत. तेव्हां या चार ओळींची परंपरा शोधावी, कोणती नोंद कोणाच्या हातची व केव्हांची हें पाहावें, असें मनांत आलें. त्या शोधाचा वृत्तान्त येथें देत आहें.

प्रारंभींच एका मोहाचा निर्देश केला पाहिजे. संस्कृत वैद्यकग्रंथांचा थोडा परिचय असला कीं अशा विषयाचें मूळ चरक-सुश्रुतांत दाखविण्याची इच्छा होते. रक्ताची परीक्षा त्या ग्रंथांत आहे, हें खरें. शुद्ध रक्ताचा वर्ण इंद्रगोप किड्यासारखा असतो असें सुश्रुत सूत्रस्थानांत सांगतो. चरकाच्या सिद्धिस्थानांत तर साक्षात् प्रयोगच आहे. शोधनाचा अतियोग होऊन शरीरांतून जें तांबडें पडतें तें जीवरक्त कीं पित्तदूषित द्रव, हें ठरविण्यास पांढरें वस्त्र त्यांत भिजवून वाळवावें व कोमट पाण्यानें धुवावें. वस्त्र स्वच्छ झालें तर तें रक्त, डाग राहिला तर पित्त. अन्नांत मिसळून कावळ्यापुढें किंवा कुत्र्यापुढें ठेवण्याचा प्रकारहि तेथेंच सांगितला आहे. परीक्षा या दृष्टीनें ही योजना फार चांगली आहे. परंतु हृद्रोगाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. चरकानें हृद्रोगाचे पांच प्रकार दिले आहेत; त्यांची ओळख लक्षणांवरून आहे, रक्त काढून पाहण्यावरून नाहीं. ‘मेद’ म्हणजेच कोलेस्टेरॉल असें प्रतिपादन करणारे एक-दोन लेख मजकडे वाचावयास आले होते. शिवकालीन पत्रांतील होनाचें भाषांतर रुपया असें करावें, तशांतला हा प्रकार आहे. वस्तु निराळी, काळ निराळा. नुसत्या सादृश्यावरून वंशावळ जोडतां येत नाहीं.

या द्रव्याचा पहिला पत्ता रक्तांत लागलाच नाहीं, तो पित्ताशयांतील खड्यांत लागला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुलेत्ये द ला साल या फ्रेंच गृहस्थानें खड्यांतून मेणासारखा पांढरा पदार्थ वेगळा केला. त्याचें काम आपणांस कळतें तें इतरांच्या ग्रंथांतील उल्लेखांवरून, म्हणजे दुय्यम साधनांतून. पुढें १८१५-१६ च्या सुमारास शेव्रल या रसायनवेत्त्यानें, जो चरबी व साबण यांच्या संशोधनामुळें प्रसिद्ध आहे व ज्याला १०२ वर्षांचें आयुष्य लाभलें (१७८६-१८८९), हा पदार्थ साबण होणाऱ्या चरबीपेक्षां निराळा आहे असें दाखविलें व त्याचें नामकरण केलें. ग्रीक भाषेंत ‘खोले’ म्हणजे पित्त व ‘स्टेरेऑस’ म्हणजे घन. दोन्ही मिळून कोलेस्टेरिन. संस्कृतांत ‘पित्तघन’ म्हणतां आलें असतें. हा पदार्थ अल्कोहोलाच्या वर्गांतला आहे हें बर्तेलो यानें १८५९ मध्यें सिद्ध केलें, म्हणून नांवाचा शेवट पुढें ‘ऑल’ असा झाला. नांवांत पित्त आहे म्हणून रोग पित्ताचा, असें मात्र कोणीं समजूं नये. नांव हें जन्मस्थानाचें द्योतक आहे, स्वभावाचें नव्हे.

मनुष्याच्या रक्तरसांत हा पदार्थ आहे असें बूदे यानें १८३३ मध्यें दाखविलें. त्यानंतरच्या दशकांत फोगेल या जर्मन पंडितास तोच पदार्थ रोगट धमनीच्या भिंतींत सांपडला. १९०४ मध्यें लाइपझिग येथील मार्शांद यानें या धमनीविकारास अथेरोस्क्लेरोसिस हें नांव दिलें; त्यांतील पहिल्या पदाचा अर्थ लापशी, दुसऱ्याचा काठिन्य. धमनी आंतून लापशीसारखी व बाहेरून कठीण, असें तें वर्णन आहे व तें यथार्थ आहे. पुढें १९१० मध्यें विंडाउस यानें निरोगी व रोगट महाधमन्यांची तुलना केली, तेव्हां रोगट धमनींत संयुक्त रूपांतील कोलेस्टेरॉल वीसपटींहून अधिक भरलें. म्हणजे एकच द्रव्य रक्तांतहि होतें व धमनीच्या भिंतींतहि. परंतु भिंतींतलें द्रव्य रक्तांतूनच आलें कीं जागच्या जागीं झिजून तयार झालें, हा प्रश्न तसाच राहिला.

द्रव्य आहे हें कळणें निराळें आणि तें किती आहे हें कळणें निराळें. मोजण्याची युक्ति रंगांत निघाली. लीबरमान यानें १८८५ मध्यें, व त्याच्यामागून बुर्खार्ड यानें, असें दाखविलें कीं कोलेस्टेरॉलावर अॅसेटिक अॅनहायड्राइड व गंधकाम्ल यांची क्रिया झाली म्हणजे निळसर हिरवा रंग येतो. रंग जितका गडद तितकें द्रव्य अधिक. अमेरिकेंत ब्लूर यानें १९१६ मध्यें हीच युक्ति रक्तास लावून मोजण्याची सोपी पद्धति बसविली. दोन नळ्या शेजारीं धरावयाच्या, एकींत ज्ञात प्रमाण, दुसरींत रोग्याचें रक्त, आणि डोळ्यांनीं रंग जुळवावयाचा. मोजणाराचा डोळा थकला कीं आंकडा चुकला. लेखनिकाच्या हस्तदोषासारखेंच हें आहे. शोएनहायमर व स्पेरी यांनीं १९३४ मध्यें डिजिटोनिन वापरून पद्धति अधिक नेमकी केली. ज्या डिजिटॅलिस वनस्पतींतून हृदयाचें जुनें औषध निघालें तिच्यांतूनच हें मापनद्रव्यहि निघावें, हा योगायोग नोंदवावासा वाटतो. हल्लीं एन्झाइमांच्या साह्यानें जें मापन यंत्रावर होतें त्याची पद्धति १९७४ मधली. माझ्या कागदावरील पहिल्या ओळीचें कुल हें असें आहे. ती मोजलेली नोंद आहे व तिच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. सेंट पीटर्सबर्ग येथील लष्करी वैद्यक अकादमींत इग्नातॉव्स्की यानें १९०८ मध्यें सशांना मांस, दूध व अंडीं चारून त्यांच्या धमन्यांत विकार उत्पन्न केला, व दोष मांसांतील प्रथिनांवर ठेवला. त्याच गांवीं निकोलाय अनिच्कॉव्ह व त्याचा सहकारी खलातॉव्ह यांनीं १९१३ मध्यें शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलांत विरघळवून सशांना दिलें. तेल तेंच, कोलेस्टेरॉल मात्र नाहीं, असा दुसरा गट तुलनेसाठीं ठेवला. पहिल्या गटाच्या धमन्या बिघडल्या, दुसऱ्याच्या बिघडल्या नाहींत. न्यायशास्त्रांतला अन्वय-व्यतिरेक याहून स्वच्छ कोठें पाहावयास मिळणार ?

तरीहि हा लेख जवळजवळ पसतीस वर्षें बाजूस पडून राहिला. कारणें पाहण्यासारखीं आहेत. हा प्रयोग इतरांनीं उंदरांवर व कुत्र्यांवर करून पाहिला, तो साधला नाहीं. त्यावरून अनुमान असें निघालें कीं ससा शाकाहारी प्राणी, त्याला अनैसर्गिक अन्न दिलें म्हणून विकार झाला, मनुष्यास हें लागू नाहीं. वस्तुतः उंदीर व कुत्रा हे कोलेस्टेरॉलाचें पित्ताम्लांत रूपांतर फार चांगलें करतात, त्यामुळें त्यांच्या रक्तांत तें चढलेंच नव्हतें. जेथें हेतूच उपस्थित नाहीं तेथें कार्य कसें दिसावें? शिवाय धमन्या कठीण होणें हा वार्धक्याचा अटळ धर्म आहे अशी बहुतेकांची समजूत होती, व अटळ गोष्टीचें कारण कोण शोधतो ? लेख जर्मन भाषेंत छापलेला होता, कोणीहि वाचूं शकला असता. चांगला कागद दप्तरांत असूनहि रुमाल न सोडल्यामुळें पिढी-दोन पिढ्या अंधारांत राहणें हा अनुभव आपणांसहि नवा नाहीं.

रुमाल सोडला तो कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें, जॉन गॉफमन यानें. कोलेस्टेरॉल हा तेलकट पदार्थ, पाण्यासारख्या रक्तरसांत तो एकटा विरघळत नाहीं. प्रथिनांच्या वाहनांत बसून तो हिंडतो. गॉफमन यानें रक्तरस अतिवेगानें फिरणाऱ्या यंत्रांत घातला, तेव्हां हीं वाहनें घनतेप्रमाणें वेगळीं झालीं. १९५० मध्यें त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं हें प्रसिद्ध केलें. विरळ घनतेचें वाहन तें एल्. डी. एल्., दाट घनतेचें तें एच्. डी. एल्.; याखेरीज अतिविरळ असें व्ही. एल्. डी. एल्. नांवाचें तिसरें, ज्यांत मुख्यतः ट्रायग्लिसराइड भरलेलें असतें. एकूण कोलेस्टेरॉल सारखें असलेल्या दोन माणसांत वाहनांची वांटणी निराळी असूं शकते, हा त्याचा मुद्दा. तो पटतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं चार प्रयोगशाळांनीं मिळून चौकशी केली व १९५६ मध्यें निवेदन छापलें. त्यांत तीन शाळांचा निर्णय असा कीं एवढ्या महागड्या यंत्रानें साध्या कोलेस्टेरॉलमापनाहून अधिक कांहीं कळत नाहीं. बर्कलेच्या मंडळीचा निर्णय याच्या उलट. दोन्ही निर्णय एकाच निवेदनांत शेजारीं शेजारीं छापले आहेत. संपादकांनीं मतभेद झांकला नाहीं, हें त्या निवेदनाचें मोठें मूल्य होय.

त्याच सुमारास अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील फ्रॅमिंगहॅम गांवीं निराळ्या धर्तीचें काम चाललें होतें. १९४८ पासून तेथील ५,२०९ स्त्रीपुरुषांची ठराविक काळानें तपासणी होई व कोणास हृद्रोग होतो याची वाट पाहिली जाई. एका गांवची सलग बखरच ती. कॅनेल व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९६१ मध्यें पहिल्या सहा वर्षांचा निष्कर्ष दिला : रक्तदाब व कोलेस्टेरॉल ज्यांचें अधिक त्यांस हृद्रोगाचें भय अधिक. एच्. डी. एल्. जितकें कमी तितका धोका जास्त, हें तेथूनच १९७७ मध्यें निघालें. माझ्या कागदावर दुसरी ओळ आली ती या मार्गानें.

आतां डॉक्टरांनीं वर्तुळ काढलेली चौथी ओळ. एल्. डी. एल्. वेगळें करण्यास गॉफमनचें यंत्र लागे, तें प्रत्येक गांवीं कोठून असणार ? १९७२ मध्यें फ्रीडेवाल्ड, लेव्ही व फ्रेडरिक्सन या तिघांनीं ४४८ माणसांच्या रक्ताचा अभ्यास करून एक सुटसुटीत गणित दिलें. उपाशी माणसाच्या रक्तांतील ट्रायग्लिसराइड बहुतेक सर्व व्ही. एल्. डी. एल्. मध्यें असतें, आणि त्या वाहनांत ट्रायग्लिसराइडाच्या साधारण एक-पंचमांश कोलेस्टेरॉल असतें. तेव्हां ट्रायग्लिसराइडास पांचानें भागावें, येईल तें व एच्. डी. एल्. हीं दोन्ही एकूण कोलेस्टेरॉलांतून वजा करावीं. उरेल तें एल्. डी. एल्. माझ्या कागदावर ताडा करून पाहा : ४५५ भागिलें ५ म्हणजे ९१, १९२ मधून ३६ व ९१ वजा जातां बाकी ६५. आंकडा बरोबर जुळतो. प्रयोगशाळेच्या वजाबाकींत चूक नाहीं.

चूक दुसरीकडे आहे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हें गणित करूं नये, अशी मर्यादा कर्त्यांनींच मूळ लेखांत घातली आहे. कारण उघड आहे : भाजक पांच हा कांहीं सृष्टीचा नियम नव्हे, तो सरासरीचा व्यवहार आहे, व ट्रायग्लिसराइड चढत गेलें कीं खरा भाजक पांचाहून बराच मोठा होतो. मग वजा करावयाची रक्कम फाजील होते व बाकी खोटी लहान दिसते. जेवणानंतर आंतड्यांतून येणारीं स्निग्ध वाहनें रक्तांत असतां तर तें गणित मुळांतच लागू नाहीं. ज्यांचें एल्. डी. एल्. औषधानें फार उतरविलेलें असतें त्यांच्या बाबतींतहि तें कमी दाखवितें. १९७२ चा लेख वाचणाऱ्यास हें ठाऊक असतें. परंतु सूत्र यंत्रांत शिरलें, मर्यादा मागें राहिली. मूळ ग्रंथांतील ‘प्रायः’ हा शब्द नक्कल करणाऱ्यानें गाळावा व पुढच्या सर्व पोथ्यांत विधान निरपवाद होऊन बसावें, तसेंच हें झालें. सुधारणा झालेली नाहीं असें नव्हे. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स येथील मार्टिन व त्याच्या सहकाऱ्यांनीं २०१३ मध्यें साडेतेरा लाख नमुन्यांवरून माणसागणिक बदलणाऱ्या भाजकांचें कोष्टक दिलें, आणि एल्. डी. एल्. प्रत्यक्ष मोजण्याच्या पद्धतीहि आतां उपलब्ध आहेत. पण कागदावर छापतांना ‘मोजलेलें’ कीं ‘काढलेलें’ हें सांगण्याची शिस्त सर्वत्र नाहीं. आपल्या मंडळाचे संपादक गणितानें आलेली तारीख चौकटी कंसांत देतात. या एका कंसाची किंमत मला आतां कळली.

येथपर्यंत नोंदीच्या अस्सलपणाचा विचार झाला. परंतु अस्सल कागदहि सर्व सारख्या वजनाचे नसतात. तार्किकांनीं लिंग व हेतु यांचा जो सूक्ष्म विचार केला आहे तो येथें फार उपयोगी पडतो. अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हें अनुमान सदोष. कारण मध्यें ओलें इंधन हा उपाधि आहे. रक्तांतील जो पदार्थ हृद्रोगाबरोबर आढळतो तो त्याचें कारण आहे, कीं ओल्या इंधनासारखें तिसरेंच कांहीं दोघांना जोडीत आहे ?

एल्. डी. एल्. च्या बाबतींत ही परीक्षा उत्तीर्ण झाली आहे. नॉर्वेंत म्युलर यानें १९३० नंतरच्या दशकाअखेर अशीं कुटुंबें वर्णिलीं कीं ज्यांत कोलेस्टेरॉल फार, अंगावर पिंवळसर गांठी, व हृद्रोग आनुवंशिक. डॅलस येथील ब्राउन व गोल्डस्टाइन यांनीं १९७३-७४ मध्यें दाखविलें कीं या लोकांच्या पेशींवर एल्. डी. एल्. आंत ओढून घेणारें ग्राहक कमी असतें किंवा मुळींच नसतें. आईबाप दोघांकडून दोष आलेल्या मुलांस तर बाळपणींच हृदयविकाराचा झटका येतो. त्यांना १९८५ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. हा अन्वय झाला. व्यतिरेकहि पुढें मिळाला : अमेरिकेंतील कांहीं कृष्णवर्णीय लोकांत जन्मतःच एक जनुक निष्क्रिय असल्यामुळें एल्. डी. एल्. सुमारें २८ टक्के कमी असतें, व हृद्रोग ८८ टक्क्यांनीं कमी आढळला. हें २००६ मध्यें प्रसिद्ध झालें. आणि जपानांतील अकिरा एंडो यानें बुरशींतून शोधलेल्या द्रव्याच्या जातीचें एक औषध ४,४४४ रोग्यांच्या चौकशींत दिलें गेलें, तिचा निष्कर्ष १९९४ मध्यें आला : एल्. डी. एल्. उतरलें आणि मृत्यूहि सुमारें तीस टक्क्यांनीं उतरले.

इतर साक्षीदार असे टिकले नाहींत. एच्. डी. एल्. वाढविणारें एक औषध निघालें, तें घेणाऱ्यांत मृत्यु अधिक होऊं लागल्यामुळें २००६ मध्यें चौकशी थांबवावी लागली. होमोसिस्टिन या द्रव्यावर मॅक्कली यानें १९६९ मध्यें बोट ठेविलें होतें. जीवनसत्त्वें देऊन तें उतरविलें तरी हृद्रोग उतरला नाहीं, हेंहि २००६ मध्येंच दिसलें. सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन नांवाचें दाहाचें चिन्ह १९३० मध्यें न्यूमोनियाच्या रोग्यांत सांपडलें व १९९७ पासून हृद्रोगाचें सूचक म्हणून पुढें आलें. दाह हा रोगास साह्य करतो हें २०१७ च्या औषधप्रयोगानें दिसलें, पण तें प्रोटीन स्वतः दोषी नाहीं असा आनुवंशिक पुरावा आहे. म्हणून हे आंकडे निरुपयोगी ठरत नाहींत. धूर दिसला म्हणजे घरांतून बाहेर पडावें हें योग्यच. धुरावर पाणी ओतूं नये एवढेंच.

असो. माझ्या कागदांत एक नोंद मुळांतच नव्हती, ती मीं डॉक्टरांना तोंडीं सांगितली. रक्त घेण्याच्या आदल्या रात्रीं भाच्याच्या लग्नाचें जेवण उशिरा झालें होतें, आणि सकाळीं दूध घातलेला चहाहि झाला होता. कागदावर वेळ होती, उपास किती तासांचा याचा उल्लेख नव्हता. साधी तपासणी उपाशीपोटींच हवी असा आग्रह युरोपांतील तज्ज्ञांनीं २०१६ मध्यें सोडला आहे. परंतु ट्रायग्लिसराइड इतकें चढलेलें असतां पुन्हां उपाशीं तपासावें असें त्यांचेंहि म्हणणें आहे. त्याप्रमाणें बारा तास कांहीं न खातां दुसऱ्यांदा रक्त दिलें. एकूण १८८, एच्. डी. एल्. ३७, ट्रायग्लिसराइड २३०, गणितानें एल्. डी. एल्. १०५, आणि प्रत्यक्ष मोजून १०२. दोन स्वतंत्र साधनें जुळलीं, व ६५ हा आंकडा प्रक्षिप्त ठरला. डॉक्टरांनीं औषध सुरू केलें, आणि सोबत लायपोप्रोटीन-ए ची तपासणी सांगितली. हें द्रव्य ऑस्लो येथील बेर्ग यानें १९६३ मध्यें शोधलें. त्याचें प्रमाण बव्हंशीं जन्मतः ठरलेलें असल्यामुळें तें बहुधा आयुष्यांत एकदांच मोजलें तरी पुरतें. तो कागद अद्याप यावयाचा आहे. पहिला कागद मीं टाकला नाहीं. ६५ भोंवतीं चौकटी कंस घालून, समासांत ‘गणितागत, अग्राह्य’ असें लिहून, तो दुसऱ्याबरोबर बांधून ठेविला आहे.